डोळा कुणाच्या झाडाचा?

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमा घ्यायला बाहेरगावची माणसं येतात. त्यांच्यात नवखा कोण आणि मुरलेला कोण, हे एका प्रश्नावरून कळतं. नवखा विचारतो, "कलम केवढ्याची?" मुरलेला विचारतो, "डोळा कोणत्या झाडाचा?"

ज्यांनी संत्रं फक्त फळवाल्याच्या गाडीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे संत्र्याची बाग बी टाकून लावत नाहीत. आधी जंभेरीचं नाहीतर रंगपुरी लिंबाचं रोप वाढवतात. तो खुंट. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की सालीत छेद देऊन त्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा बसवतात आणि पट्टीनं बांधतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटून टाकतात. मुळं एकाची, फांद्या दुसऱ्याच्या.

आता तुम्ही नर्सरीत उभे आहात. समोर दोन-अडीच फुटांची हिरवीगार काडी. खुंट जंभेरीचा की रंगपुरीचा? शेंडाच छाटलाय, तर पान पाहून ओळखणार कसं? डोळा भरघोस फळणाऱ्या झाडावरचा की रोगट झाडावरचा? ते कळायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर खड्डे खणून झालेले, ड्रिप टाकून झालेलं, बोअर अजून खोल करून झालेला. म्हणजे त्या दिवशी आपण झाड घेत नाही, समोरच्याचा शब्द घेतो.

बाबांनी २०१४ साली असाच एक शब्द घेतला. नर्सरी कुठली ते सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. चारशे कलमा, सगळ्या रंगपुरीवरच्या, असं सांगितलं होतं. सहाव्या वर्षी बुंध्यांतून डिंक गळायला लागला. डिंक्या कुठल्याच खुंटाला होत नाही असं नाही, पण जंभेरीला तो लवकर धरतो. मग एका झाडाला कलमेच्या जोडाखालून फुटवा आला आणि त्याचं पान पाहून शेजारचे काका म्हणाले, "हे तं जंभेरी हाय." दुसऱ्या झाडाला तसंच, तिसऱ्याला तसंच. अर्धी बाग काढावी लागली. मी तावातावात त्या नर्सरीवाल्याकडे जायला निघालो, तर बाबा म्हणाले, "त्यालेही कोणी सांगतलंच असन."

हे वाक्य तेव्हा मला भाबडं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. पण तिथे नंतर येतो.

मी अकोल्याला बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं. आमच्याकडे एवढं शिकलं की नातेवाईक तुम्हाला कृषी विभागाची हेल्पलाइन समजतात. मागच्या मे महिन्यात मामाचा फोन आला. मामाची अकोट तालुक्यात कोरडवाहू शेती आहे, कापूस-तूर.

"भाचेबुवा, चोर बीटीचे पाकिटं येऊन रायले. घेऊ का नको?"

चोर बीटी म्हणजे एचटीबीटी, तणनाशक सहन करणारा कापूस. शेतात ग्लायफोसेट मारलं की गवत मरतं, कापूस उभा राहतो. त्याला सरकारची मान्यता नाही, तरी दर हंगामाला तो येतो. पाकिटावर नाव कुठलंही, बिल नाही, आणणारा माणूस पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही.

मी म्हटलं, "मामा, त्याले मान्यता नाही."

"मान्यता कोण देते? सरकार. अन् सरकारले कोण सांगते? कंपनी. मंग त्या मान्यतेचं काय लोणचं घालू?"

मला उत्तर सुचलं नाही. मामाचं वाक्य चुकीचं आहे असं मला वाटलं, पण त्यातला एकही तुकडा खोटा आहे असं म्हणता येईना. तेव्हापासून मी हे वाक्य घेऊन फिरतोय.

आधी मामाच्या बाजूनं बोलतो. बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे होतं आणि त्यातला मोठा हिस्सा जनुकाच्या रॉयल्टीचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, राज्यांनी दर ठरवले आणि तेच पाकीट साडेसातशेवर आलं. बोंडअळीही तीच, जनुकही तेच, तरी किंमत निम्म्याखाली. मग आधीचे वरचे पैसे कशाचे होते, हे शेतकऱ्याला विचारावंसं वाटणारच.

आता सरकारी बाजू. ही गोष्ट आपल्या नागपूरची आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत एक देशी बीटी वाण आणलं, बीकानेरी नरमा बीटी. सगळा बाजार संकरित बियाण्याचा, म्हणजे दरवर्षी नवं पाकीट घ्या. हे मात्र सरळ वाण होतं. सरकी ठेवा, पुढच्या वर्षी पेरा. २००८ मध्ये मान्यता, २००९ च्या हंगामात पेरा आणि त्याच वर्षाच्या शेवटी विक्री बंद. सार्वजनिक पैशातून केलेल्या त्या बियाण्यात मॉन्सँटोचंच जनुक सापडलं. डॉ. एस. के. सोपोरी यांच्या समितीनं २०१२ मध्ये अहवाल दिला. जे बियाणं शेतकऱ्याला कंपनीपासून मोकळं करणार होतं, त्याच्या पोटात कंपनीचा डोळा निघाला. बाबांच्या बागेसारखंच, फक्त उलटीकडून.

आणखी एक प्रसंग मी वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसलो होतो. फेब्रुवारी २०१० मध्ये जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्याआधी त्यांनी देशभर जनसुनावण्या घेतल्या होत्या, एक नागपुरातही झाली. मग देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून एक अहवाल सादर केला. वैज्ञानिकांच्या सर्वांत मोठ्या संस्था, शब्दाला केवढं वजन. निघालं असं की अहवालातला मजकूर जनुकीय पिकांची बाजू घेणाऱ्या एका लेखातून जसाच्या तसा उचललेला होता. सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही हॉस्टेलवर करायचो तेच.

तर मामा, तुझं बरोबर आहे. कंपनीचा शब्द कंपनीचा आहे आणि सरकारचा शब्दही कधी कधी कंपनीचाच निघतो.

पण इथून पुढे मामाचं गणित मला पटत नाही.

मार्च २०१० मध्ये मॉन्सँटोनं स्वतः जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी त्यांच्या पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही. बाजारात तेव्हा त्यांचंच दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन होतं. साहजिकच लोक म्हणाले, नवं विकायला जुन्याला नावं ठेवताहेत. संशय रास्त होता. कंपनीला त्यात फायदा होताच. तरी ती गोष्ट खरी होती. पहिलं जनुक हरलं होतं, पुढे दुसरंही हरलं. २०१७ मध्ये विदर्भात बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. बोलगार्ड-दोनचं पाकीट घेऊन. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

स्वार्थी माणूस खरं बोलू शकतो, एवढंच मला यातून म्हणायचंय. आणि निःस्वार्थी चुकू शकतो. "पैसा कोणाचा?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण त्याचं उत्तर मिळाल्यावर आपल्याला फक्त एवढंच कळतं की नीट तपासायला हवं. तपासणी तिथे सुरू होते. मामा तिथे संपवतो. मामाच कशाला, माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे निम्मे लोक तिथेच संपवतात. "फंडिंग पहा" असं लिहिलं की त्यांना आपण अभ्यास केला असं वाटतं.

ग्लायफोसेटचंच घ्या, कारण ते आमच्याच घरात आहे. बागेतल्या खोलीत खताच्या पोत्यांमागे कॅन ठेवलेला असतो, झाडांमधल्या ओळींत मारायला. २००० साली या औषधाच्या सुरक्षिततेवर एक मोठा शोधनिबंध छापून आला, रेग्युलेटरी टॉक्सिकॉलॉजी अँड फार्माकॉलॉजी नावाच्या नियतकालिकात. पुढची कितीतरी वर्षं तो आधार म्हणून सांगितला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांमधून कंपनीची अंतर्गत ईमेल बाहेर आली आणि दिसलं की त्याच्या लेखनात कंपनीच्याच माणसांचा हात होता, लेखक म्हणून नावं मात्र बाहेरच्यांची. निबंध शेवटी मागे घेतला गेला, छापल्यानंतर पंचवीस वर्षांनी.

हे कळलं त्या दिवशी मला कॅन फेकून द्यावासा वाटला. मग वाटलं, थांब. त्या निबंधाची साक्ष खोटी निघाली, म्हणजे ती साक्ष गेली. खोट्या साक्षीनं आरोपी निर्दोष ठरत नाही, तसा तो दोषीही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं नेमकं उलट म्हटलं. पहिल्यांनी विचारलं होतं की या पदार्थानं कर्करोग होऊ शकतो का. दुसऱ्यांनी विचारलं की लोक वापरतात त्या प्रमाणात होण्याचा संभव किती. भारत सरकारनं २०२२ मध्ये ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांच्या हातूनच वापरावं असा आदेश काढला. आमच्या खोलीत कॅन तसाच आहे. मी बाबांसाठी हातमोजे आणि मास्क आणला. उन्हात मास्कनं जीव घुसमटतो म्हणून तो खिळ्याला लटकतो. उघड्या पायांनी ओल्या गवतात चालत फवारणारा माणूस कोणाच्या 'लोक वापरतात त्या प्रमाणात' मध्ये धरलाय, हे मला कुठल्याच कागदात सापडलं नाही.

मला वाटतं, सत्तेचा आणि पैशाचा खरा हात इथे असतो. आपण खोटी उत्तरं शोधत बसतो, आणि ती सापडतातही. पण खोटं उत्तर कधीतरी पकडलं जातं, जोडाखालून फुटवा येतोच. कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवणारा हात मात्र दिसत नाही.

कापसातच पहा. बीटीनं खरंच फायदा झाला का, यावर दोन चांगले अभ्यास आहेत. काठगे आणि कैम यांचा २०१२ चा: महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांकडून २००२ ते २००८ ची माहिती, बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के वाढलं असा निष्कर्ष. दुसरा क्रांती आणि स्टोन यांचा, २०२० चा: वीस वर्षांचा हिशेब, वाढीचं श्रेय बरंचसं खतं, सिंचन वगैरेंना, आणि शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटीच्या आधीपेक्षा जास्त खर्च करतो. यातले केशव क्रांती म्हणजे नागपूरच्या त्याच सरकारी संस्थेचे माजी संचालक. वर मी त्या संस्थेची फजिती सांगितली, तर हेही सांगायला हवं.

दोघांत खोटारडा कोण? माझ्या मते कुणीच नाही. एकानं पहिली सहा वर्षं पाहिली, अळी हरलेली असतानाची. दुसऱ्यानं अळी परत येईपर्यंत वाट पाहिली. पण अकोट तालुक्यातल्या कोरडवाहू जमिनीत, पाऊस दोनदा तुटला तर सहा महिन्यांचा संकरित बीटी परवडतो की लवकर संपणारं सरळ वाण, हा मामाचा प्रश्न आहे आणि त्याचं पाकीट कुणी आणलं नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं देशी कापसाचं एकेए-७ आहे. देशी कापूस रसशोषक किडींना तसा दाद देत नाही, सरकी घरची ठेवता येते. म्हणूनच त्याच्या जाहिरातीवर पैसा घालायला कुणी तयार नाही. ते खोटं आहे असं कुणीच म्हटलं नाही. त्याचं नुसतं नाव घेणं बंद झालं.

आणि तणनाशक सहन करणारा कापूस? तो एका प्रश्नाचं उत्तर आहे: निंदणाचा खर्च कसा वाचवावा. खरा प्रश्न आहे, मामाला विचारा. आठवडाभर पाऊस लागला की गवत कापसाच्या वर जातं आणि बाया मिळत नाहीत. पण माझी आई अकोटकडची. लहानपणी आजीसोबत ती लोकांच्या शेतात निंदायला जायची. त्या मजुरीतून तिची दहावी झाली. निंदण गेलं तर त्या बाया श्रावणात काय करतील, हा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत गेला नाही. कंपनीच्या नाही, सरकारच्या नाही. खरं सांगायचं तर आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही गेला नाही, आणि तो प्रोजेक्ट मीच केला होता.

मामाच्या गावापासून अकोली जहाँगीर लांब नाही. १० जून २०१९ ला शेतकरी संघटनेनं तिथे जाहीरपणे एचटीबीटी पेरलं. ललित बहाळे यांचं शेत, शेकडो शेतकरी, पोलीस, नमुने घ्यायला आलेले अधिकारी. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होता. मला त्या आंदोलनाचं सगळंच पटत नाही. तपासणीशिवाय तंत्रज्ञान म्हणजे स्वातंत्र्य, हे मला घाईचं वाटतं. पण एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो: त्यांनी ते दिवसा पेरलं, नाव सांगून. काय पेरलं, कुणी पेरलं, उगवलं की नाही, हे कुणालाही येऊन पाहता आलं असतं.

मामाचं पाकीट रात्री येतं. गंमत अशी आहे की हे रात्रीचं पाकीटही दिवसाच्या भांडणातूनच आलंय. २०१५ च्या शेवटी केंद्रानं बियाण्याच्या आणि रॉयल्टीच्या दरांवर नियंत्रण आणलं. २०१६ मध्ये महिकोनं तणनाशक सहन करणाऱ्या बीटीचा मान्यतेसाठीचा अर्ज मागे घेतला. अर्ज गेला, पण बी आधीच शेतात पोचलेलं होतं. सरकारची तपासणी नाही, कंपनीची जबाबदारी नाही. दोघांवरही विश्वास न ठेवणाऱ्या मामानं मग विश्वास ठेवला कोणावर? तर बिल न देणाऱ्या एका अनोळखी माणसावर.

हे मी मामाला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "बिलानं काय होते?"

२०१७ च्या बोंडअळीनंतर मामानं जी फॉर्म भरला होता. नुकसानभरपाईसाठी तो भरावा लागायचा आणि त्याला बियाण्याचं बिल जोडायचं होतं. त्या फॉर्मचं पुढे काय झालं हा वेगळा लेख होईल. पण त्या वर्षी निदान एक कागद होता, त्यावर दुकानाचं नाव होतं, लॉट नंबर होता. भांडायला समोर कोणीतरी होतं. आमच्या नर्सरीवाल्यावरही बाबा भांडू शकले असते. भांडले नाहीत तो त्यांचा स्वभाव. पण तो माणूस आजही बाजारात दिसतो, मान खाली घालून जातो. आता तो रंगपुरीचा खुंट वेगळ्या वाफ्यात लावतो आणि गिऱ्हाइकाला शेंडा छाटण्याआधी येऊन पान पाहून जा म्हणतो. बाबांनी मागच्या वर्षी त्याच्याकडूनच पन्नास कलमा घेतल्या. आधी जाऊन पान पाहिलं, मग.

"त्यालेही कोणी सांगतलंच असन." बाबांच्या या वाक्यात मला तेव्हा भाबडेपणा दिसला. पण बाबांनी त्या माणसाला सोडलं असलं तरी पान पाहणं सोडलेलं नाही.

मी मामाला सांगितलं ते एवढंच: बिलाचं पाकीट घे. चार तास एकेए-७ चे टाक, बाजूला चार तास तुझ्या नेहमीच्या वाणाचे मोजायला ठेव. किती वेळा फवारलं, निंदणाला किती बाया लागल्या, किती किलो निघालं, वहीत लिही. शेंदूरजनाघाटात बसून दुसऱ्याच्या शेतावर प्रयोग सुचवायला काही जात नाही, हे मला कळत होतं. मामालाही कळलं. तो हसला आणि म्हणाला, "वही तूच पाठव."

मी पाठवली. दोनशे पानी, रेघांची.

ऑगस्टमध्ये त्यानं वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तारखा आहेत, फवारणीचे आकडे आहेत, एकेए-७ च्या चार तासांचे वेगळे. मी खूश झालो, आईला दाखवायला फोन दिला. तिनं मागचा फोटोही उघडला, शेताचा. कापूस गुडघ्याच्या वर आणि मधली जमीन अगदी काळी, एक काडी गवत नाही.

आई बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "यंदा भाऊनं निंदाले कोणालेच नाही लावलं का?"

वहीत निंदणाचा रकाना रिकामा आहे. मी मामाला अजून विचारलेलं नाही.